बारच्या परीक्षेचा निकाल लागेपर्यंत काय करावे: पुण्यातील नव्या वकिलांसाठी

ऑल इंडिया बार एक्झामिनेशन दिल्यानंतर निकाल हाती येईपर्यंत साधारणपणे तीन महिने जातात. सतरावी परीक्षा ५ फेब्रुवारी २०२३ रोजी झाली आणि तिचा निकाल एप्रिलच्या अखेरीस लागला. अठरावी १० डिसेंबर २०२३ रोजी झाली, तिचा निकाल मार्च २०२४ मध्ये आला. एकोणिसावी २२ डिसेंबर २०२४ रोजी झाली आणि तिच्याही निकालासाठी मार्च २०२५ उजाडावा लागला. या तीन महिन्यांत शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात दरवर्षी एकच चित्र दिसते. नुकतीच परीक्षा दिलेली मुले-मुली काही दिवस येतात, मग ‘निकाल लागला की नीट सुरुवात करू’ असे म्हणत येणे कमी करतात आणि उरलेला वेळ मोबाईलवर निकालाच्या तारखेचा शोध घेण्यात घालवतात. यात त्यांचे जे नुकसान होते ते मला फार मोठे वाटते, कारण ज्यांच्याकडे सनद आहे त्यांच्या वकिलीचा काळ कायद्याच्या हिशेबाने आधीच सुरू झालेला असतो.

म्हणून पहिले काम हे की आपण नेमके कोणत्या टप्प्यावर आहोत ते कागदावर तपासून पाहावे. बोलताना आपण सनद, बारची परीक्षा आणि सीओपी ही तिन्ही नावे सरमिसळ करून वापरतो, पण त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सनद म्हणजे अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम २४ खाली बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांच्या पटावर झालेली नोंदणी. ती राज्याची परिषद देते आणि तिचे कार्यालय मुंबईत फोर्ट भागात उच्च न्यायालयाच्या आवारात आहे. परीक्षा बार कौन्सिल ऑफ इंडिया घेते. सीओपी, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस, हे परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतर बार कौन्सिल ऑफ इंडियाकडून निघते आणि राज्य परिषदेमार्फत उमेदवाराच्या हाती येते. निकालाची वाट पाहणारी व्यक्ती यांपैकी पहिला कागद हाती असलेली आहे की नाही, यावर तिने पुढचे तीन महिने कसे घालवावेत हे जवळजवळ पूर्णपणे ठरते.

ही परीक्षा का आहे, हेही थोडक्यात माहीत असलेले बरे, कारण ‘ती कधीही रद्द होईल’ असे सांगणारे लोक अजूनही भेटतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०१० मध्ये नियम करून २००९-१० या शैक्षणिक वर्षापासून पदवीधर होणाऱ्यांना ही परीक्षा बंधनकारक केली आणि पहिली परीक्षा ६ मार्च २०११ रोजी झाली. तिला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेले आणि बोनी फोई लॉ कॉलेजच्या प्रकरणात १० फेब्रुवारी २०२३ रोजी घटनापीठाने बार कौन्सिलला ही परीक्षा घेण्याचा अधिकार असल्याचे स्पष्ट केले. हा प्रश्न तेथे मिटलेला आहे. परीक्षा रद्द होण्याच्या आशेवर कोणीही आपले नियोजन बेतू नये.

सनद हातात असेल तर

अशा उमेदवारांची संख्या मोठी आहे, त्यामुळे त्यांच्याविषयी सविस्तर लिहितो. सनद मिळाल्यावर परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि त्या मुदतीत तुम्हाला न्यायालयात उभे राहता येते, वकीलपत्रावर सही करता येते, युक्तिवाद करता येतो. निकाल प्रलंबित आहे एवढ्या कारणाने हा हक्क थांबत नाही. मात्र दोन वर्षे उलटून गेली आणि परीक्षा सुटली नाही, तर ती उत्तीर्ण होईपर्यंत वकिली करता येत नाही. म्हणून सनदेवरची नोंदणीची तारीख आजच पाहा, त्यात दोन वर्षे मिळवा आणि आलेली तारीख डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. या परीक्षेला कितीही वेळा बसता येते, परंतु परीक्षांमधील अंतर उमेदवाराच्या हातात नसते. ज्याची मुदत संपायला चार-पाच महिनेच उरले आहेत त्याने निकालाची वाट न पाहता पुढच्या परीक्षेचा अर्ज निघतो आहे का, यावर लक्ष ठेवले पाहिजे.

आता या काळाचे मोल कशात आहे ते सांगतो. पुण्यात कायद्याचे शिक्षण घेणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, म्हणजे बोलीभाषेतील जेएमएफसी, ही परीक्षा असते. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या प्रकरणात या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली आणि त्याच निकालात हेही सांगितले की ही तीन वर्षे तात्पुरत्या नोंदणीच्या, म्हणजे परीक्षेआधी मिळालेल्या सनदेच्या, तारखेपासून मोजता येतील. बारची परीक्षा वेगवेगळ्या वेळी होते, हे त्यामागचे कारण आहे. याचा अर्थ असा की निकालाची वाट पाहण्याचे हे तीन महिने तुमच्या तीन वर्षांतच मोडतात. प्रत्यक्ष अर्ज करताना त्या वेळच्या जाहिरातीतील अटी वाचाव्याच लागतील, परंतु नोंदी ठेवण्यास आजपासूनच सुरुवात करावी लागते, कारण नंतर त्या जुळवून आणता येत नाहीत.

त्या निकालानुसार वकिलीचे प्रमाणपत्र न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याकडून मिळवावे लागते, किंवा किमान दहा वर्षे वकिली केलेल्या अधिवक्त्याकडून घेऊन त्यावर न्यायिक अधिकाऱ्याचे पृष्ठांकन घ्यावे लागते. हे प्रमाणपत्र देणारी व्यक्ती तुम्हाला विचारणार, तुम्ही काय केलेत? त्या वेळी डायरीत तारीख, न्यायालय, प्रकरणाचा क्रमांक, पक्षकार आणि त्या दिवशी झालेले काम अशी एकेक ओळ लिहिलेली असेल तर कोणालाही संकोच वाटत नाही. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे सिनिअरना विनंती करून वकीलपत्रावर त्यांच्या नावाखाली आपले नाव आणि सनदेचा क्रमांक लिहून घ्यावा व स्वतः सही करावी. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर बहुधा मुख्य वकिलांचेच नाव दिसते. प्रकरणाच्या मूळ कागदांत मात्र वकीलपत्र कायम राहते. आपण उभे राहिलो असलो तर त्या दिवसाच्या रोजनाम्यात (न्यायालयाने ठेवलेल्या कामकाजाच्या नोंदीत) आपले नाव आले आहे का, हेही पाहावे. पुष्कळ ज्युनिअर हे मागायला बिचकतात. सिनिअरना यात गैर वाटत नाही; बहुतेकांना ते सुचलेलेच नसते.

सनद नसेल तर

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ मधील निर्देशांनंतर शेवटच्या सत्रातील विद्यार्थ्यांनाही बारची परीक्षा देता येऊ लागली. त्यामुळे पदवीचा निकाल, बारचा निकाल आणि नोंदणी या तिन्हींची वाट एकाच वेळी पाहणारे काही जण आता भेटतात. त्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. बारची परीक्षा उत्तीर्ण होणे म्हणजे वकील होणे नव्हे. नोंदणी झाल्याशिवाय वकीलपत्रावर सही करणे, बँड आणि गाऊन घालून उभे राहणे, पक्षकाराकडून वकील म्हणून फी घेणे हे करता येत नाही. पात्र नसताना न्यायालयात वकिली करणाऱ्यास अधिनियमाच्या कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. ‘साहेब आज आले नाहीत, तूच तारीख घेऊन टाक’ असे सांगणारा कारकून किंवा पक्षकार भेटतोच. त्या वेळी नम्रपणे नकार द्यावा आणि कार्यालयातील दुसऱ्या वकिलांना बोलवावे.

या गटाने वाट पाहण्याचा काळ नोंदणीची कागदपत्रे तयार करण्यात घालवावा. गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला, पदवीचे तात्पुरते प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्रे हे सारे जुळवताना नावाचा घोळ हमखास समोर येतो. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी असते, आधारकार्डावर शेवटी; लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या पदवीवर एक नाव आणि परीक्षेच्या अर्जावर दुसरे असते. राजपत्रात नाव प्रसिद्ध करायचे असेल तर त्याला वेळ लागतो, म्हणून ते आत्ताच करावे. शुल्काविषयीही जागरूक राहावे: गौरव कुमार प्रकरणात ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नोंदणीसाठी कायद्याने ठरवलेल्या रकमेहून अधिक शुल्क राज्य परिषदांना घेता येणार नाही. ही रक्कम सर्वसाधारण उमेदवारांसाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी १२५ रुपये आहे.

नोकरीत असलेल्यांसाठी दोन वाक्ये. हिंजवडी किंवा खराडीतील कंपन्यांत कायदेविषयक कामाची पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्यांना बार कौन्सिलच्या नियम ४९ नुसार त्याच वेळी वकिली करता येत नाही. तुम्ही सनद घेऊन अशी नोकरी स्वीकारली असेल तर राज्य परिषदेला ते कळवून वकिली स्थगित करणे हे तुमचे कर्तव्य आहे, आणि तो काळ वकिलीत धरला जाईल असे समजू नये.

परीक्षेचे कागद आणि उत्तरतालिका

परीक्षा संपल्यावर आठवडाभरात एक फाईल करावी. तीत प्रवेशपत्राची छापील प्रत, अर्जाची व शुल्क भरल्याची पावती, सनदेची प्रत, अर्जात दिलेला मोबाईल क्रमांक व ईमेल यांची नोंद असावी. तो मोबाईल क्रमांक निकाल लागेपर्यंत बंद करू नये. सिमकार्ड बदलल्यामुळे संकेतस्थळावर प्रवेशच करता येत नाही अशी तक्रार घेऊन येणारे दर वेळी असतात. प्रश्नपुस्तिकेचा संच अ, ब, क, ड यांपैकी कोणता होता आणि ओएमआरवर आपण तोच भरला का, हे आठवणीतून लिहून ठेवावे. शक्य तेवढ्या प्रश्नांची दिलेली उत्तरेही पहिल्या एक-दोन दिवसांतच लिहून काढावीत. तीन आठवड्यांनी आठवलेले उत्तर हे बहुधा आपल्याला हवे असलेले उत्तर असते.

तात्पुरती उत्तरतालिका परीक्षेनंतर थोड्याच दिवसांत प्रसिद्ध होते. ती पाहताना आपल्याच संचाची पाहावी, कारण प्रश्न तेच असले तरी त्यांचा क्रम बदललेला असतो आणि दुसऱ्याच्या संचावरून गुण मोजून रात्रभर जागणारे उमेदवार मी पाहिले आहेत. परीक्षा १०० प्रश्नांची असते, चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, आणि उत्तीर्ण होण्यासाठी सर्वसाधारण व इतर मागास प्रवर्गाला ४५ टक्के, तर अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दिव्यांग उमेदवारांना ४० टक्के गुण लागतात. पण अंतिम उत्तरतालिकेत काही प्रश्न रद्द होतात, आणि मग टक्केवारी उरलेल्या प्रश्नांवर काढली जाते. समजा ७ प्रश्न रद्द झाले, तर हिशेब ९३ वर होईल. ९३ चे ४५ टक्के ४१.८५ होतात, म्हणजे ४२ गुण हवेत, आणि ४० टक्क्यांसाठी ३८. ज्याचे तात्पुरत्या तालिकेनुसार ४६ येतात पण त्यातले काही गुण रद्द झालेल्या प्रश्नांचेच आहेत, त्याचे काय होईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून ४० ते ५० या पट्ट्यात असलेल्यांनी स्वतःला उत्तीर्णही मानू नये आणि अनुत्तीर्णही मानू नये. त्यांनी अभ्यासाची वही बंद करू नये, इतकेच.

हरकत नोंदवायची असेल तर ती मुदतीत, संकेतस्थळावरच आणि प्रत्येक प्रश्नासाठी ठरवलेले शुल्क भरूनच नोंदवावी लागते. शुल्क भरण्यापूर्वी मूळ कायदा उघडून पाहावा. एक उदाहरण घेऊ. अटकपूर्व जामिनाविषयीचा प्रश्न असेल आणि तुम्ही कलम ४३८ हे उत्तर दिले असेल, तर ते दंड प्रक्रिया संहितेचे कलम झाले. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे आणि तीत ही तरतूद कलम ४८२ मध्ये आहे. प्रश्न कोणत्या कायद्याचे नाव घेऊन विचारला होता हे पाहिल्याशिवाय हरकतीला अर्थ नाही. हरकतीच्या मजकुरात प्रश्नाचा व संचाचा क्रमांक, तालिकेतील उत्तर, तुमच्या मते योग्य उत्तर, कलमाचा शब्दशः मजकूर आणि असल्यास सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्याचा संदर्भ एवढेच असावे. शिकवणी वर्गाच्या पुस्तकाचे पान जोडून उपयोग होत नाही. आणि हरकत घेताना गाऱ्हाणे मांडू नये. तपासणाऱ्याला दहा ओळींत चूक दिसली पाहिजे.

निकाल पाहणे आणि अफवांपासून दूर राहणे

निकाल बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर लागतो आणि तो आपला क्रमांक व जन्मतारीख यांसारखा तपशील भरूनच दिसतो. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी, संकेतस्थळ पाहिले तरी पुरे. अंतिम उत्तरतालिका प्रसिद्ध झाली की रोज पाहावे, कारण निकाल त्यानंतर फार लांबत नाही. एकोणिसाव्या परीक्षेत दोन्ही गोष्टी मार्च २०२५ मध्येच झाल्या. निकालाच्या दिवशी संकेतस्थळ मंदावते. तेव्हा मोबाईलवर पुन्हा पुन्हा तपशील भरत बसण्यापेक्षा रात्री उशिरा किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे पाहावे. निकाल एक दिवस उशिरा पाहिल्याने कोणताही हक्क जात नाही.

समाजमाध्यमांवरील गटांत ‘उद्या निकाल’ असे संदेश फिरतात, त्यांकडे दुर्लक्ष करावे. मात्र एका प्रकाराकडे दुर्लक्ष करू नये. पैसे घेऊन निकाल ‘करून देतो’, राखून ठेवलेला निकाल सोडवून देतो किंवा सीओपी लवकर काढून देतो असे सांगणारे लोक या काळात फोन करतात, आणि घाबरलेला उमेदवार त्यांना आपला क्रमांक, जन्मतारीख व ओटीपी देऊन बसतो. असा फोन आला तर तो तेथेच तोडावा आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे. वकिलीच्या पहिल्याच कागदासाठी लाच देण्याची तयारी दाखवणाऱ्याने पुढे कोणत्या तोंडाने उलटतपास घ्यायचा, हा प्रश्न मला खरोखर अस्वस्थ करतो.

न्यायालयात जाऊन काय शिकावे

माझ्या मते या तीन महिन्यांचे खरे काम हे आहे. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका जेथे एकमेकींना छेदतात त्या जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरून सकाळी साडेदहाच्या आत आवारात पोहोचावे आणि कामकाज सुरू होण्यापूर्वी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, वाचावा. बोर्डावर प्रत्येक प्रकरणापुढे ते कोणत्या टप्प्यावर आहे ते लिहिलेले असते: समन्स, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर), मुद्दे, पुरावा, युक्तिवाद. महाविद्यालयात दिवाणी प्रक्रिया संहिता आदेश आणि नियमांच्या क्रमाने शिकवली जाते. बोर्ड तीच संहिता चालू स्थितीत दाखवतो.

निशाणी म्हणजे प्रकरणातील कागदाला न्यायालय देते तो क्रमांक; त्यातील निशाणी ५ चे उदाहरण घ्या. महाराष्ट्रातील दिवाणी न्यायालयांत दावा निशाणी १ वर असतो आणि तात्पुरत्या मनाईचा अर्ज नेहमीप्रमाणे निशाणी ५ वर असतो, म्हणून कोणताही वकील ‘आज पाचचे आर्ग्युमेंट आहे’ असे म्हणाला की ऐकणाऱ्याला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ चा अर्ज आहे हे कळते. असा एक युक्तिवाद सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून ऐकावा. वादीचे वकील प्रथमदर्शनी प्रकरण, सोयी-गैरसोयीचा समतोल आणि भरून न येणारे नुकसान हे तीन मुद्दे मांडतील हे तुम्हाला पाठ असते. पण ते सातबारा, फेरफार आणि सूची क्रमांक दोन (नोंदणीकृत दस्ताचा उतारा) यांतील कोणत्या ओळीवर बोट ठेवून मांडतात, न्यायाधीश कोणत्या क्षणी मध्येच थांबवून ‘ताबा कोणाचा?’ असे विचारतात आणि त्यावर तयारी नसलेला वकील कसा अडखळतो, हे पुस्तकात नाही. नंतर त्या अर्जावरील आदेश संकेतस्थळावर आला की उतरवून घ्यावा आणि आपण ऐकलेल्या युक्तिवादातील काय त्यात उतरले, काय उतरले नाही, हे ताडून पाहावे. असे दहा अर्ज मन लावून पाहिलेल्या ज्युनिअरला सिनिअर आपणहून मसुदा करायला देतात.

हवेली तालुक्यातील जमिनीचे दावे पुण्यात इतके आहेत की सातबारा वाचता न येणारा दिवाणी वकील येथे फार काळ टिकू शकत नाही. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि बारा म्हणजे पिकांची नोंद. सहाव्या नमुन्यात फेरफार. एका गटाचे जुने सातबारे घेऊन त्यांवरील फेरफार क्रमांकांचा माग काढत मालकी कशी बदलत गेली याचा एक तक्ता स्वतः करून पाहावा. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्यांना दुसरे एक काम आहे. जिल्हा व तालुका पातळीवरील न्यायालयांची भाषा मराठी आहे; दावा, कैफियत, प्रतिज्ञापत्र मराठीत लिहिण्याचा सराव नसेल तर तो आत्ता करावा. रोज एक परिच्छेद लिहून तो कार्यालयातील जुन्या कारकुनांना दाखवावा. त्यांची भाषा घोटीव असते आणि ते चुका मोकळेपणाने सांगतात.

न्यायकक्षाबाहेरचे कामही तितकेच मोलाचे आहे. नक्कल विभागात अर्ज कसा करायचा, नाझर कार्यालयातून बेलिफाकडे समन्स कसे जाते, बजावणीचा अहवाल कोठे पाहायचा, कैफियतीची ३० दिवसांची मुदत कधीपासून मोजायची आणि ९० दिवसांपर्यंत मुदतवाढ न मागितल्यास विना कैफियत आदेश कसा होतो, हे सारे जो स्वतः फिरून शिकतो त्याच्याकडून पुढे मुदत चुकत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोक अदालतीतही एक दिवस बसावे. तडजोडीचा मसुदा कसा लिहितात ते तेथे दिसते.

पैशांचा विषय टाळू नये. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअर वकिलांना शहरी भागात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली. ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि पुण्यातील अनेक कार्यालयांत याहून बरेच कमी मिळते. सिनिअरकडे जाण्यापूर्वी रक्कम स्पष्ट विचारावी. उलट शिकवण्यासाठी कोणी तुमच्याकडूनच पैसे मागत असेल, तर ते बार कौन्सिलच्या आचारसंहितेला धरून नाही. घरच्यांनाही प्रामाणिकपणे सांगावे की निकाल लागला तरी पहिली दोन-तीन वर्षे उत्पन्न बेताचे असते. निकालाच्या तारखेवर घरच्यांनी बांधलेली आशा बऱ्याचदा या गैरसमजातून आलेली असते.

निकाल लागल्यावर

निकालाचे पान लगेच उतरवून छापून ठेवावे. उत्तीर्ण असाल तर नावाचे स्पेलिंग, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि सनदेचा क्रमांक यांत चूक नाही ना, ते पाहावे; सीओपी त्याच तपशिलावरून निघते आणि नंतरची दुरुस्ती वेळखाऊ असते.

निकाल राखून ठेवला असे दिसले तर घाबरून जाऊ नये. सनदेची प्रत अपलोड झालेली नसणे किंवा ओएमआरवर संच नीट भरलेला नसणे अशी कारणे त्यामागे असू शकतात. पहिल्या कारणावर उपाय असतो: परीक्षा विभाग सूचना काढून कागद सादर करायला मुदत देतो, त्या मुदतीत कागद द्यावा, ईमेलने कळवावे आणि पोच जपून ठेवावी. फोनवर बोलून काम झाले असे समजू नये.

अनुत्तीर्ण झालात तर आधी सनदेवरील दोन वर्षांची तारीख पाहा, मग पुनर्तपासणीची सोय व मुदत जाहीर झाली आहे का ते पाहा. काठावरचे गुण असतील तरच त्यासाठी शुल्क भरावे. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा उमेदवाराचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात ९ ऑगस्ट २०११ रोजी मान्य केला आहे. माहिती अधिकारात १० रुपयांच्या शुल्कासह अर्ज करून ओएमआरची प्रत मागता येते आणि त्याचे उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. पुढच्या प्रयत्नासाठी संविधान, दोन्ही प्रक्रिया संहिता, पुरावा, कौटुंबिक कायदा आणि करार यांवर भर द्यावा, कारण निम्म्याहून अधिक प्रश्न एवढ्याच विषयांत येतात. आणि टिपा नसलेले मूळ कायदे परीक्षेत नेता येतात, म्हणून पाठांतरापेक्षा अनुक्रमणिकेतून कलम चटकन काढण्याचा सराव करावा. हे सारे न्यायालयात येणे न थांबवता करता येते. दोन वर्षांची मुदत संपत नाही तोवर तुमचे वकीलपत्र तेवढेच वैध आहे, आणि सिनिअरना निकाल स्वतःहून सांगावा, त्यांना दुसऱ्याकडून कळू देऊ नये.

सीओपी हाती आली की तिच्या चार-पाच प्रती काढून साक्षांकित करून घ्याव्यात. एक प्रत सिनिअरच्या कार्यालयात, एक पुणे बार असोसिएशनच्या सदस्यत्वाच्या अर्जासोबत, एक बँकेच्या लॉकरमध्ये किंवा घरी मूळ सनदेबरोबर ठेवावी. अधिवक्ता कल्याण निधीचा सदस्य होण्याचा अर्जही त्याच आठवड्यात करून टाकावा. वकीलपत्रावर आपण लावतो ते वेल्फेअर तिकीट ज्या निधीसाठी आहे, त्याचा आधार आजारपणात किंवा मृत्यूनंतर सदस्याच्या कुटुंबाला मिळतो, आणि तरुण वयात हा अर्ज बहुतेक जण पुढे ढकलतात.